सांता बार्बरा मिशनची बाग : एक ऐतिहासिक साधन

प्रस्तावना :
इ.स. १७६९ ते १८२३ या कालखंडात स्पॅनिश फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी कॅलिफोर्नियात एकवीस मिशन स्थापन केली. त्यांपैकी सांता बार्बरा मिशनची स्थापना १७८६ मध्ये फर्मिन लासुएन यांनी केली. आज तेथील दोन मनोऱ्यांचे चर्च, कारंजे आणि बहरलेली बाग पाहणाऱ्यास ही शांतता मिशनकाळापासूनच चालत आली असावी, असे वाटते. ही समजूत इतिहासाच्या कसोटीवर कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वास्तू आणि श्रम :
१८१२ च्या भूकंपात आधीच्या चर्चची हानी झाल्यानंतर सध्याचे चर्च उभारले गेले व ते १८२० मध्ये पूर्ण झाले. त्याचा दर्शनी भाग प्राचीन रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियस याच्या ग्रंथातील आराखड्यावर बेतलेला आहे. बांधकामाचे श्रम मात्र स्थानिक चुमाश आदिवासींचे होते. १८०८ मधील कारंज्याचे पाणी लगतच्या हौदात पडे आणि तेथे चुमाश स्त्रिया कपडे धूत. आज ज्या अंगणात बाग आहे, तेथे त्या काळी कारागिरीची कामे चालत. मेक्सिकोच्या शासनाने १८३४ मध्ये मिशनचा ऐहिक कारभार काढून घेतला. त्यानंतर सुमारे चार दशकांनी, १८७२ च्या सुमारास, ही शोभेची बाग लावण्यात आली. म्हणजेच जिला आपण मिशनकालीन समजतो, ती बाग मिशनव्यवस्थेच्या अस्तानंतरची आहे.

बागेआडचा इतिहास :
बाप्तिस्मा घेतलेल्या चुमाशांना परवानगीवाचून मिशन सोडता येत नसे. फटक्यांची शिक्षा रूढ होती, आणि गोवरासारख्या साथींनी वस्त्या ओस पडल्या. चर्चलगतच्या दफनभूमीत सुमारे ४,००० चुमाशांचे दफन झाले असून बहुतेकांच्या नावाचा दगडही तेथे नाही. फेब्रुवारी १८२४ मध्ये सांता इनेस मिशनात एका चुमाशाला दिलेल्या फटक्यांचे निमित्त होऊन उठाव झाला आणि तो सांता बार्बरापर्यंत पसरला. येथील अनेक चुमाश मिशन सोडून अंतर्भागात निघून गेले.

तथापि, हे लोक इतिहासातून पुसले गेले असे म्हणता येत नाही. धर्मगुरूंनी बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या काटेकोरपणे ठेवल्या होत्या. नियंत्रणासाठी लिहिलेल्या याच नोंदींच्या आधारे आज चुमाश वंशजांना आपल्या पूर्वजांची नावे व मूळ गावे शोधता येतात. ज्यांच्या थडग्यावर नाव नाही, त्यांचे नाव वहीत सापडते.

समारोप :
ऐतिहासिक स्थळ पाहताना वास्तूचे वय विचारले जाते, बागेचे सहसा विचारले जात नाही. सांता बार्बराच्या बाबतीत तो प्रश्न विचारताच फुलझाडांच्या जागी कामाचे अंगण दिसू लागते. चर्च, बाग, दफनभूमी आणि नोंदवही ही चारही साधने एकत्र वाचल्याखेरीज या मिशनचा इतिहास पूर्ण होत नाही.