गाविलगडचा वेढा आणि सुर्जी अंजनगावचा तह (१८०३)

दुसऱ्या इंग्रज–मराठा युद्धात मेजर जनरल आर्थर वेलस्ली याने दख्खनमध्ये चालवलेल्या मोहिमेचा शेवटचा टप्पा. ८ ऑगस्ट १८०३ रोजी अहमदनगरच्या पेठेला शिड्या लावून सुरू झालेली ही मोहीम १५ डिसेंबरला मेळघाटातल्या गाविलगडावर येऊन संपली. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे दौलतराव शिंद्यांशी तह झाले. ही दोन्ही गावे आजच्या अमरावती जिल्ह्यात आहेत. शाळेच्या पुस्तकात या मोहिमेतल्या असई आणि अडगाव या दोन मैदानी लढायाच तेवढ्या उरतात. पण भोसले सहीला बसले ते अडगावनंतर नव्हे, गाविलगड पडल्यावर.

युद्धाचे मूळ पुण्यात होते. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव दुसरा पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबरला त्याने इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेण्याचा तह केला. मे १८०३ मध्ये वेलस्लीने त्याला पुन्हा पुण्याच्या गादीवर बसवले. शिंदे आणि भोसले यांना वसईचा तह मान्य होणे शक्यच नव्हते. त्यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीवर एकत्र आल्या, बोलणी फिसकटली, शिंद्यांच्या छावणीतला इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स ३ ऑगस्टला निघून गेला. होळकर मात्र या युद्धात उतरले नाहीत, आणि मराठ्यांना सगळ्यात महाग पडले ते हेच.

वेलस्ली तेव्हा ३४ वर्षांचा होता. गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली त्याचा थोरला भाऊ. वशिल्याचा सेनापती म्हणून नाक मुरडणारे इंग्रजांतही होते. पण १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, आधी पाहून न ठेवलेल्या झाडीत रात्री शिरल्यामुळे त्याची फजिती झाली होती, आणि ती तो विसरला नव्हता. १८०० मध्ये धोंड्या वाघाच्या पाठलागात तो दुसरा धडा शिकला: हलक्या घोडदळाशी लढायचे तर धान्य आणि बैल हातचे सुटता कामा नयेत. म्हणून त्याने म्हैसूरच्या अमृतमहालातले बैल आणि धान्य वाहणारे लमाणांचे तांडे यांची व्यवस्था आधी लावली. पावसाळ्यात लढाई सुरू करण्यामागेही हिशेब होता. नद्या दुथडी भरल्या की मराठ्यांच्या घोड्यांना उतार मिळत नाही. ज्याच्याजवळ नावा आहेत तो मात्र पार होतो. वेलस्लीने टोपलीसारख्या गोल नावा तयार ठेवल्या होत्या आणि ऑगस्टच्या अखेरीस त्याचे सैन्य त्यांतूनच गोदावरी उतरले.

अहमदनगर हे शिंद्यांचे दख्खनमधले मुख्य ठाणे. पुण्याकडून येणारी रसद सुरक्षित ठेवायची तर ते आधी घ्यावे लागणार होते. ८ ऑगस्टला तीन तुकड्या पेठेच्या तटाला भिडल्या. तट उंच होता, पण त्याला आतून फांजी नव्हती. शिडीवरून माथ्यावर पोहोचलेल्या शिपायाला पाय ठेवायलाच जागा नाही, अशा अवस्थेत बरेच जण वरूनच खाली पाडले गेले. तरीही पेठ त्याच दिवशी पडली. १० तारखेला किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेला किल्लेदाराने खाजगी मालमत्तेसह बाहेर पडू देण्याच्या अटीवर किल्ला सोडला. तटाची कच्ची बाजू कोणती, हे भिंगारच्या देशमुखाने चार हजार रुपये घेऊन दाखवल्याची नोंद नगरच्या गॅझेटियरमध्ये आहे. इंग्रजांच्या बाजूने आलेले पेशव्यांचे सरदार बापू गोखले हे सारे पाहत होते. हे लोक सकाळी आले, भिंत पाहिली, चढून गेले, माणसे मारली आणि न्याहारीला परतले, अशा आशयाचे उद्गार गोखल्यांच्या नावावर सांगितले जातात. हेच गोखले पुढे इंग्रजांशी लढले आणि २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीला पडले.

२३ सप्टेंबरला भोकरदनजवळ असई येथे केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात वेलस्लीने सुमारे साडेचार हजार माणसांनिशी शिंद्यांच्या कवायती पलटणींवर हल्ला केला. लढाई तो जिंकला, पण १,५८४ माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. मोहिमेतली सगळ्यात मोठी किंमत ती हीच. त्यानंतर कर्नल जेम्स स्टीव्हन्सनच्या निजामाकडच्या फौजेने ऑक्टोबरमध्ये बऱ्हाणपूर घेतले आणि २१ तारखेला असीरगडही घेतला. उत्तरेत जनरल लेकने अलीगड, दिल्ली, आग्रा घेऊन १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांची उरलीसुरली कवायती फौज मोडली. गुजरातेत भडोच आणि पावागड, ओरिसात कटक इंग्रजांच्या हाती गेले. २३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलांनी युद्धतहकुबी मान्य केली. पण तिच्या अटी पाळल्या गेल्या नाहीत आणि शिंद्यांचे घोडदळ वऱ्हाडात भोसल्यांच्या फौजेजवळच राहिले.

२९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात, अडगाव आणि सिरसोलीच्या मैदानावर गाठ पडली. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व रघूजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू करत होते. इंग्रज फौज दिवसभर चालून थकली होती, मुक्कामाची तयारी चालली होती; समोर मराठ्यांची रांग दिसली तेव्हा दिवस कलला होता. पहिल्याच तोफांच्या माऱ्याने तीन देशी पलटणी फुटून मागे पळाल्या. यांतले बरेच शिपाई असईच्या आगीत पाय रोवून उभे राहिलेले होते. वेलस्ली योगायोगाने जवळच होता. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला थांबवून पुन्हा रांगेत लावले आणि स्वतः पुढे आणून उभे केले. लढाई इंग्रजांनी जिंकली, ३८ तोफा मिळवल्या आणि चांदण्यात घोडदळाने पाठलाग केला. मराठ्यांचे पायदळ तरीही सगळे संपले नाही. त्यातला मोठा भाग निसटून गाविलगडाच्या आसऱ्याला गेला, आणि पुढचा वेढा अटळ झाला.

गाविलगड चिखलदऱ्याजवळ सातपुड्याच्या धारेवर सुमारे ३,६०० फूट उंचीवर उभा आहे. त्याची बांधणी बहमनी सुलतान अहमदशहा वली याच्या काळातली, इ.स. १४२५ च्या सुमाराची मानतात. पुढे इमादशाहीत आणि निजामशाहीत त्यात भर पडली. आतला किल्ला दक्षिणेकडे, वऱ्हाडच्या सपाटीकडे तोंड करून आहे, आणि त्या बाजूला कडा इतका सरळ आहे की माणूस कसाबसा चढेल, तोफ चढणार नाही. वायव्य आणि उत्तर बाजूंना बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही उत्तरेला तिसरा तट. दक्षिण दरवाजाची वाट उभी चढणीची. वायव्य दरवाजाची वाट अरुंद, पश्चिमेच्या बाजूने वळसा घेणारी, आणि तिचा लांबचा पट्टा किल्ल्याच्या माऱ्याखाली. फक्त उत्तरेला लबाडा गावाकडून जमीन किल्ल्याच्या पातळीला लागते. किल्ल्याचा कमकुवतपणा तेवढाच. पण लबाड्याला पोहोचायचे तर अचलपुराहून डोंगरांतून तीस मैलांची वाट होती, आणि तोफा जातील असा रस्ता तिथे नव्हताच.

वेलस्ली ५ डिसेंबरला अचलपुरात आला. अडगावच्या जखमींसाठी तिथे इस्पितळ उभे करून त्याने ७ तारखेला फौज दुभागली. स्वतः दक्षिणेला देवगावकडे गेला आणि खरे काम स्टीव्हन्सनला दिले. स्टीव्हन्सन आजारी होता. अडगावला तो हत्तीवर बसून लढाई चालवत होता, असे सांगतात. त्याची फौज धामणगावच्या बाजूने डोंगरात शिरली. जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळी वाट शिपायांनी हातांनी ओढत नेला. नाले उतरायचे, टेकाडे चढायची, आणि ज्या वाटेवरून ओढायचे ती आधी स्वतःच फोडायची. १२ तारखेला ही फौज लबाड्याला पोहोचली. खरे तर गाविलगड पडला तो या पाच-सहा दिवसांत. पुढचा तोफांचा मारा केवळ दोन दिवसांचा होता.

त्याच रात्री उत्तरेला दोन मोर्चे बांधले गेले. एकात दोन १८ पौंडी आणि तीन १२ पौंडी लोखंडी तोफा, दुसऱ्यात पितळी १२ पौंडी तोफा आणि उखळी तोफा. १३ तारखेला भडिमार सुरू झाला. दक्षिण दरवाजाखाली वेलस्लीनेही एक मोर्चा बांधला, पण त्याच्या लोखंडी तोफा चढावर चढेनात. जागेवर पोहोचल्या त्या पितळी तोफा आणि त्यांचा परिणाम नगण्य झाला. आपल्या खलित्यात त्याने हे न लपवता लिहिले आहे. त्या मोर्चाचा उपयोग किल्ल्यावरच्या लोकांचे लक्ष दोन्हीकडे वाटण्यापुरताच राहिला.

१४ च्या रात्रीपर्यंत उत्तरेच्या तटांना खिंडारे पडली. १५ तारखेला सकाळी दहाच्या सुमारास लेफ्टनंट कर्नल केनीच्या हाताखाली सुलतानढवा झाला. ९४ वी स्कॉटिश पलटण आणि देशी पलटणींतले निवडक लोक त्यात पुढे होते. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनही हौसेने त्यांच्यात सामील झाला होता. त्याच वेळी वेलस्लीच्या दोन तुकड्या दक्षिण आणि वायव्य दरवाजांकडे हुलकावणी द्यायला निघाल्या. बाहेरचा किल्ला लवकर हातात आला. पण मध्ये दरी, पलीकडे आतला किल्ला, आणि त्याच्या तटाला एकही खिंडार नाही. तेव्हा कॅप्टन कॅम्बेलने ९४ व्या पलटणीची हलकी कंपनी घेऊन दरी उतरली, समोरचा चढ चढला, शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला.

किल्लेदार बेनीसिंग हा रजपूत. तो आणि त्याचे साथीदार लढता लढता पडले. त्याचा देह प्रेतांच्या ढिगात सापडला. घरातल्या स्त्रिया शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना मारण्याचाही प्रयत्न झाला होता. काही मेल्या, काही जखमी अवस्थेत वाचल्या. इंग्रजांकडचे मेलेले आणि जखमी मिळून सव्वाशेच्या आसपास होते. किल्ल्यातली माणसे किती मारली गेली, याचा असा हिशेब कोणी मांडला नाही. त्या बाजूचे नुकसान कितीतरी मोठे होते. नऊ वर्षांनी, १८१२ मध्ये, याच सेनापतीला स्पेनमधले बादाहोस घेताना साडेचार हजारांवर माणसे गमवावी लागली. तिथे फ्रेंच गोलंदाज आणि अभियंते होते. गाविलगडाच्या उत्तर तटासमोर मोर्चे बांधताना फारसा अडथळाच झाला नाही. भोसल्यांकडे शूर शिबंदी होती, पण तीस मैलांच्या त्या वाटेवर स्टीव्हन्सनला अडवणारे कोणी ठेवले नव्हते.

१७ डिसेंबरला देवगावच्या छावणीत भोसल्यांचे वकील यशवंतराव रामचंद्र यांनी तह केला. कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांनी सोडला. हा वऱ्हाड पुढे निजामाकडे गेला. मात्र गाविलगड आणि नरनाळा आजूबाजूच्या मुलखासह भोसल्यांकडेच राहिले. ज्यासाठी डोंगर फोडून रस्ता केला तो किल्ला घेतल्या घेतल्या परत गेला. शिंद्यांनाही असीरगड आणि बऱ्हाणपूर परत मिळाले. किल्ला ठेवून घेणे हा हेतू क्वचितच असे. तो हातात आला की समोरच्याला आपल्या घरात सुरक्षित वाटत नाही, एवढे काम भागे.

सुर्जी अंजनगावला शिंद्यांतर्फे मुख्य बोलणी केली ती वयोवृद्ध विठ्ठलपंतांनी. त्यांच्या चेहऱ्यावरून मनातले काहीच कळत नसे. इंग्रजांकडच्या जॉन माल्कमने त्यांना पत्त्यांतल्या एका थापेबाजीच्या डावावरून टोपणनाव ठेवले होते. पुढे फ्रेंच मुत्सद्दी तालेराँ भेटल्यावर, हा त्या म्हाताऱ्यासारखाच आहे, पण तितका हुशार नाही, असे वेलस्लीने म्हटल्याचे सांगतात. वकील कितीही मुरलेला असला तरी हातात पत्ते उरले नव्हते. गंगा–यमुनेचा दुआब, दिल्ली आणि आग्रा, जयपूर, जोधपूर व गोहदच्या उत्तरेचा मुलूख, भडोच, अहमदनगर आणि अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा प्रदेश शिंद्यांनी सोडला. इंग्रजांशी युद्धात असलेल्या राष्ट्रांचे लोक नोकरीत घ्यायचे नाहीत, असेही कलम होते. अहमदनगर नंतर पेशव्याला दिले गेले. तैनाती फौजेचा वेगळा तह २७ फेब्रुवारी १८०४ रोजी बऱ्हाणपुरात झाला. ग्वाल्हेर आणि गोहदबद्दल मजकुरात संदिग्धता राहिली होती. तिचा वाद नोव्हेंबर १८०५ मध्ये ती ठिकाणे शिंद्यांना परत करूनच मिटला.

सुर्जी आणि अंजनगाव ही शहानूर नदीकाठची जोडगावे, आता अंजनगाव सुर्जी नावाच्या तालुक्याचे ठिकाण. देवनाथ महाराजांचा मठ, विड्याच्या पानांचे मळे आणि पानपिंपरी यांसाठी वऱ्हाडात हे गाव ओळखले जाते. तात्या टोप्यांनी आसरा घेऊ नये म्हणून १८५८ मध्ये इंग्रजांनी गाविलगडाची तटबंदी बरीच पाडली. दिल्ली दरवाजावरची गंडभेरुंड आणि हत्तींची शिल्पे मात्र जागेवर आहेत, आणि चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक आज किल्ल्यात शिरतात तेही उत्तरेच्याच बाजूने.