मोठ्या आतड्याचा पुनरुद्भवी व प्रसृत कर्करोग

मोठ्या आतड्याचा जो कर्करोग उपचारांनंतर पुन्हा उद्भवतो त्यास पुनरुद्भवी, तर जो दूरच्या अवयवांत पसरतो त्यास प्रसृत कर्करोग म्हणतात. दूरवर पसरलेला रोग चौथ्या टप्प्यातील मानला जातो. त्यातून पूर्णपणे बरे होणारे रुग्ण थोडे असले, तरी निवडक रुग्ण अनेक वर्षे जगतात.

प्रसार

आतड्यातील रक्त प्रवेशिका शिरेवाटे प्रथम यकृताकडे जाते. त्यामुळे या रोगाच्या दुय्यम गाठी बहुधा यकृतात आढळतात. त्याखालोखाल त्या फुप्फुसांत व उदरपोकळीच्या अस्तरावर आढळतात.

उपचार

गाठी मोजक्या व काढण्याजोग्या असल्यास शस्त्रक्रिया केली जाते. यकृताचा निरोगी भाग पुन्हा वाढत असल्याने काही रुग्णांत ती एकाहून अधिक वेळा करता येते. यकृतातील गाठी पूर्णपणे काढलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण ५ वर्षांनंतरही हयात असल्याचे अनेक रुग्णालयांच्या अनुभवात दिसते. मात्र ही आकडेवारी शस्त्रक्रियेस योग्य ठरलेल्या रुग्णांचीच असते. इतरांमध्ये फ्लुओरोयुरॅसिल, ऑक्झॅलिप्लॅटिन, इरिनोटेकॅन या औषधांनी रोग आटोक्यात ठेवला जातो. गाठीच्या जनुकीय तपासणीनुसार काहींना लक्ष्यवेधी औषधे किंवा प्रतिकारशक्तीवर आधारित उपचार लागू पडतात.

पाठपुरावा

बहुतेक पुनरुद्भव पहिल्या तीन वर्षांत होतात. त्यामुळे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळाने रक्तातील सीईए या घटकाची तपासणी, सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी केली जाते. लक्षणे दिसण्यापूर्वी गाठ सापडल्यास ती काढता येण्याची शक्यता अधिक असते. तपासणी खंडित झाल्यास ही संधी हुकू शकते.

सोलापूर जिल्ह्यातील नोंदणी

जगण्याचे प्रमाण काढण्यासाठी उपचारानंतर रुग्ण हयात आहे की नाही, हे कळणे आवश्यक असते. ग्रामीण भागात अनेक रुग्ण पुन्हा रुग्णालयात येत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसह शेजारच्या धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा व भूम तालुक्यांतील गावांचा तिच्यात समावेश झाला. नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णालयीन नोंदींवर विसंबून न राहता गावोगाव जाऊन माहिती घेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवितताविषयक ग्रंथात मुंबई, चेन्नई व भोपाळ या शहरांबरोबर बार्शीचीही आकडेवारी आहे.