पडकं चर्च आणि नाशिकची घंटा

कास्पर डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं 'ओकच्या रानातला मठ' हे १८०९-१० सालचं चित्र मला फार आवडतं. बर्फ, निष्पर्ण झाडं, पडक्या चर्चची एकच उभी भिंत आणि तिच्याकडे शवपेटी घेऊन चाललेले साधू. आम्हा सांडोरकरांना हे काही परकं नाही. पावसाळ्यात वसईच्या किल्ल्यात जा, सेंट जोसेफच्या मनोऱ्याभोवती असंच रान माजलेलं असतं. (बर्फ तेवढा नाही!)

पण एक गोष्ट खटकते. चित्र बघून वाटतं, चर्च काळानेच पाडलं. प्रत्यक्षात ते अवशेष एल्डेनाच्या मठाचे. युद्धात त्याची नासधूस झाली आणि विटा माणसांनीच दुसऱ्या बांधकामांना नेल्या.

आपल्या किल्ल्यालाही तारीख आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, आणि चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर आजही १७२१ सालची अशी घंटा आहे. मराठी म्हणून तो विजय माझा, आणि ख्रिस्ती म्हणून ती घंटाही माझीच... आता यातलं काय सोडायचं? मला तरी काहीच सोडवत नाही.

असो. किल्ल्यातलं एक चर्च, वसईच्याच संत गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जाणारं, पुन्हा छप्पर घालून उभं आहे. सणाला तिथे मिस्सा होते, बसायला जागा मिळत नाही. फ्रीडरिशच्या साधूंना मात्र त्या भिंतीपलीकडे कुणीच भेटणार नाही.