स्वच्छमंडलारोपण व काचबिंदू

डोळ्याच्या अग्रभागी असणाऱ्या पारदर्शक पटलास स्वच्छमंडल म्हणतात. इजा, संसर्ग वा ऱ्हास यांमुळे ते धूसर झाल्यास मृत दात्याच्या डोळ्यातील स्वच्छमंडल त्याजागी बसवितात. या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होण्याचा संभव असतो. रोपण पारदर्शक राहिले, तरी वाढलेल्या दाबामुळे दृक्‌-तंत्रिकेचा नाश होऊन दृष्टी कायमची जाऊ शकते. शिवाय असा दाब रोपणाच्या आतील थरातील कोशिकांनाही मारक ठरतो.

मानवी स्वच्छमंडलाचे पूर्ण जाडीचे पहिले यशस्वी रोपण एडुआर्ट त्सिर्म यांनी ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरेव्हियातील ओलोमोउत्स येथे केले. चुन्याने भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यावर त्यांनी, इजेमुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातील स्वच्छमंडल बसविले. पुढे ओडेसा येथील व्ह्‌लदीमिर फिलाटॉव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांचा उपयोग रूढ केला. या काळात रोपण स्वच्छ राहते की नाही, हाच मुख्य प्रश्न होता. दाबाकडे फारसे लक्ष गेले नव्हते.

दाब मोजणेही सोपे नव्हते. हान्स गोल्डमान यांनी १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आणलेला दाबमापक स्वच्छमंडलाची जाडी सुमारे ०·५२ मिमी. आहे असे गृहीत धरतो. सुजलेल्या रोपणावर तो खऱ्यापेक्षा कमी, तर व्रणयुक्त रोपणावर जास्त दाब दाखवितो. टाक्यांमुळे पृष्ठभाग ओबडधोबड झाल्यास चुकीत भर पडते.

ए. आर. अर्व्हिन व एच. ई. कॉफमन यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाची व्याप्ती दाखवून दिली. भिंग आधीच काढलेल्या डोळ्यांत रोपणानंतर लगेचच्या काळातील कमाल दाबाची सरासरी सुमारे ४० मिमी. पारा, तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सोबत केल्यास सुमारे ५० मिमी. पारा आढळली. प्राकृत दाब साधारणतः १० ते २१ मिमी. पारा असतो. १९७० नंतरच्या दशकात यामागील यांत्रिक कारणे पुढे आली. फार घट्ट व लांब टाके घातल्यास स्वच्छमंडल व परितारिका (डोळ्यातील रंगीत पडदा) यांमधील कोन अरुंद होतो, जलीय द्रव वाहून नेणारी जाळी दबते व निचरा मंदावतो. दात्याची चकती रुग्णाच्या डोळ्यातील छिद्रापेक्षा सुमारे ०·५ मिमी. मोठी कापण्याची प्रथा त्यामुळे पडली. परितारिका कोनास चिकटल्यासही निचरा अडतो.

दुसरे महत्त्वाचे कारण औषधांचे आहे. रोपणाचा अस्वीकार टाळण्यासाठी स्टेरॉइडांचे थेंब दीर्घकाळ घालावे लागतात. परंतु काही व्यक्तींत तेच दाब वाढवितात.

पूर्ण जाडीऐवजी केवळ रोगग्रस्त थर बदलण्याच्या पद्धतींनी या प्रश्नाचे स्वरूप पालटले. २००२ मध्ये मोहंमद अन्वर व के. डी. टाइखमान यांनी वर्णिलेल्या हवेच्या बुडबुड्याच्या पद्धतीत पुढील थर बदलून रुग्णाचा आतील थर राखला जातो. त्या थराचा अस्वीकार संभवत नसल्याने स्टेरॉइडे लवकर बंद करता येतात. नेदर्लंड्समधील खेरिट मेलेस यांनी १९९८ पासून आतील थराच्या रोपणाची पद्धत विकसित केली आणि २००६ मध्ये अत्यंत पातळ पटलाच्या रोपणाची माहिती प्रसिद्ध केली. यात घट्ट टाक्यांचा ताण राहत नाही. मात्र पटल चिकटविण्यासाठी सोडलेली हवा बाहुली अडवून दाब एकाएकी वाढवू शकते. म्हणून परितारिकेच्या खालच्या भागात लहान छिद्र पाडतात. अत्यंत पातळ पटलाचा अस्वीकार क्वचितच होतो, त्यामुळे कालांतराने सौम्य स्टेरॉइडे पुरतात.

तथापि कोणतीही पद्धत पूर्णतः निर्धोक नाही. आधीपासून काचबिंदू असलेल्यांना धोका सर्वाधिक असतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत मिळविता येत नसल्यामुळे, रोपण कितीही स्वच्छ दिसले, तरी दाबाची व दृक्‌-तंत्रिकेची नियमित तपासणी आयुष्यभर करणे आवश्यक ठरते.