पाठवणाऱ्याचा पत्ता आणि घाटाची वाट

पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीहून कोणी महाडला पत्र धाडले, तर पाकिटाच्या कोपऱ्यात ‘कामथडी, ता. भोर’ असे लिहिलेले असते. ते पत्र भोरवरून वरंधा घाट उतरेल की पुण्याला जाऊन ताम्हिणीने जाईल, हे त्या कोपऱ्यावरून ठरत नाही. ठरते ते ‘महाड’ या शब्दावरून आणि त्या दिवशी कोणता घाट चालू आहे यावरून. संगणकालाही घरातले फायबर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट अशा दोन वाटा असू शकतात. मग अमुक प्रोग्राम अमुक वाटेनेच जावा असे वाटले, की बहुतेक जण ‘बाइंड’ या सिस्टिम कॉलकडे वळतात आणि फसतात. ‘बाइंड’चा जन्म नाव लावण्यासाठी झाला, वाट धरण्यासाठी नव्हे. त्याची कुळकथा पाहिली की हे लख्ख दिसते.

बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून १९८३ साली सॉकेटची, म्हणजे प्रोग्रामने नेटवर्कशी बोलायच्या टोकाची, आजची रचना जगात पसरली. इंटरनेटच्या सॉकेटला ‘बाइंड’ पत्ता आणि पोर्ट देते. नेटवर्क कार्डाचे नावही घेत नाही. प्रोग्रामने ‘कनेक्ट’ हा जोडणी मागणारा कॉल केला की कर्नल मुक्कामाचा पत्ता घेऊन राउटिंग टेबल चाळतो, त्यातली सर्वांत नेमकी जुळणारी ओळ उचलतो, आणि कोणत्या कार्डातून निघायचे ते ती ओळ सांगते. प्रोग्रामने ‘बाइंड’ केलेच नसेल तर आधी वाट ठरते आणि मग त्या वाटेला साजेसा पत्ता पाठवणारा म्हणून चिकटवला जातो. म्हणजे मुळात पत्ता वाटेच्या मागून येतो. पत्ता नक्की कोणाचा, याबाबत ऑक्टोबर १९८९च्या आरएफसी ११२२ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने दोन मते नोंदवली: सैल मतानुसार पत्ता सबंध यंत्राचा, कडक मतानुसार तो त्या-त्या कार्डाचाच. दोन्हींना मुभा राहिली. लिनक्स सैल मताने चालत आला. विंडोज व्हिस्टापासून कडक झाले.

यावर कोणी म्हणेल, आम्ही तर पत्ता बांधतो आणि वाट खरोखर बदलते. बदलते, हे खरे. पण जिथे यंत्रणा कडक मताची आहे तिथे, किंवा लिनक्सवर पाठवणाऱ्याच्या पत्त्यानुसार वेगळे टेबल वापरण्याचा नियम कोणी आधीच लिहून ठेवला आहे तिथे. वाट तो नियम बदलतो. तो काढून पाहा: हॉटस्पॉटकडून मिळालेला पत्ता अंगावर घेऊन पॅकेट फायबरच्या कार्डातूनच निघते, हा पत्ता आपल्याकडचा नव्हे म्हणून पुढचा राउटर ते टाकून देऊ शकतो, आणि प्रोग्राम उत्तराची वाट पाहत ताटकळतो. ‘कनेक्ट’ला मध्येच अडवून गुपचूप ‘बाइंड’ करणारी छोटी लायब्ररी प्रोग्रामच्या आधी लोड करण्याची युक्तीही याच खड्ड्यात पडते.

कार्डच बांधायचे साधन वेगळे आहे आणि ते पुष्कळ उशिरा आले: लिनक्स २.०.३० मधले ‘एसओ_बाइंडटूडिव्हाइस’. त्याची निकड यंत्राला पत्ता मिळवून देणाऱ्या डीएचसीपीत नीट दिसते. नुकत्याच सुरू झालेल्या यंत्राला पत्ताच नसतो. ते पाठवणारा म्हणून ०.०.०.० लिहिते, मुक्काम म्हणून २५५.२५५.२५५.२५५ लिहिते आणि ‘मला पत्ता द्या’ अशी हाक मारते. दोन्ही आकड्यांत वाटेची खूण नाही. अशा वेळी कार्डाचे नावच घ्यावे लागते.

मग ही सत्ता सुरुवातीपासून प्रत्येक प्रोग्रामला का दिली नाही? हा आक्षेप वजनदार आहे. पण यंत्राच्या मालकाने सगळी वाहतूक व्हीपीएनमधून नेण्याचे ठरवले असेल, तर कोणत्याही प्रोग्रामने परस्पर दुसऱ्या कार्डातून सटकणे त्याला परवडणारे नसते. म्हणून लिनक्समध्ये हा अधिकार वर्षानुवर्षे विशेष परवानगीमागे राहिला. २०२०च्या ५.७ आवृत्तीने तो सामान्य प्रोग्रामलाही दिला, मात्र सॉकेट आधीच एखाद्या कार्डाला बांधलेले नसेल तरच. अधिकार असलेल्याने घातलेली गाठ सामान्य प्रोग्रामला आजही सोडता येत नाही.