गुलशनाबाद आणि मधमाशी

आपल्या नाशिकचं मोगलाईतलं नाव गुलशनाबाद. पुढे १७५१च्या सुमारास पेशव्यांनी 'नाशिक' हे जुनं नाव पुन्हा चालू केलं. गुलशन म्हणजे फुलबाग. पण या बागेचं खरं गिऱ्हाईक जी मधमाशी, तिचा हिशेब इतिहासात कुणी मांडत नाही. आज तो थोडा मांडू या.

मोगल बागेत मान गुलाबाला. माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जास्त पाकळ्यांचं फूल निवडलं. या जास्तीच्या पाकळ्या बहुतेक पुंकेसरांपासूनच होतात. म्हणजे पाकळी वाढली की पराग घटला. गुलाबात मध जवळजवळ नसतोच. परागही गेला तर माशीपुढे रिकामं ताट.

वाड्यांची गोष्ट वेगळी. अंगणात तुळस, परसात लिंबू, कढीपत्ता, शेवगा. हे कुणी माशीसाठी लावलं नव्हतं. पूजेसाठी, फोडणीसाठी लावलं होतं. पण तिचं पोट त्यावर भरत होतं. वाडे पडले, परसं गेली, आणि गॅलरीत क्रोटन, मनी प्लांट आले. दिसायला छान, पण माशीला त्यात काही नाही.

आता शेताकडे वळू. ओझरला १९२५च्या सुमारास रावसाहेब गायकवाडांनी द्राक्षबाग लावली, असं सांगतात. द्राक्षाचं फूल बहुधा आपल्याआपणच फळ धरतं, त्याला माशी लागत नाही. त्यामुळे जिल्ह्याला पैसा देणाऱ्या या पिकाच्या फवारणीत माशीचा विचार करायचं कारणच उरलं नाही.

पण शेजारच्या रानात कांद्याचं बियाणं असतं! ऑक्टोबर-नोव्हेंबरात कांदे लावतात, थंडीत डेंगळे निघतात, त्यावर पांढरे गोंडे फुलतात. प्रत्येक बारक्या फुलात पराग आधी पिकतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. म्हणून पराग दुसऱ्या फुलावरून आणावा लागतो, आणि ते काम मुख्यतः माशी करते. माशी आली नाही तर गोंडा दिसतो भरलेला, पण बी भरत नाही. कांद्याच्या जिल्ह्याला हे परवडेल का?

सारांश एवढाच: शहरानं फूल डोळ्यांसाठी निवडलं, शेतानं पीक बाजारासाठी, आणि माशी दोन्ही वह्यांतून सुटली.

मग करायचं काय? सातेरी माशी पोळ्यापासून साधारण किलोमीटरभर फिरते, म्हणजे तुमची गॅलरीही तिच्या वाटेवर येते. एकेरी पाकळ्यांचा झेंडू लावा. तुळशीच्या सगळ्याच मंजिऱ्या खुडू नका. कुंडीतली थोडी कोथिंबीर न कापता फुलू द्या. जागा असेल तर शेवगा, कढीपत्ता लावा. एकाचा बहर सरला की दुसऱ्याचा यावा. आणि फुलोऱ्यावर औषध मारू नका.

गुलशनाबाद हे नाव परत आणायची गरज नाही. त्या नावाला शोभेल असं एक झाड दारात असलं, तरी पुष्कळ.