नवा ५जी फोन येतोय, पण गावात टॉवर कोणता? नवेगाव बांध परिसरात मोबाईल घेण्याआधी हे तपासा

नवेगाव बांध (ता. अर्जुनी मोरगाव) : धानाचे चुकारे खात्यावर जमा झाले की अनेक घरांत नव्या मोबाईलचा विषय निघतो. कंपनीने फोन बाजारात आणायच्या महिनाभर आधीपासून यूट्यूबवर त्याचा गाजावाजा सुरू असतो. कॅमेरा किती, बॅटरी किती, किंमत किती, याचे अंदाज बांधले जातात आणि घरातली पोरं दिवस मोजत बसतात. शेवटी फोन हातात येतो, नवं सिम टाकलं जातं आणि स्क्रीनवर पुन्हा तेच गोल फिरणारं चक्र दिसतं.

याचं कारण सरळ आहे. स्पीड मुळात येतो टॉवरवरून. फोन तो स्पीड फक्त पकडतो. टॉवर ज्या लहरींवर चालतो त्या लहरी फोनला पकडता येत नसतील, किंवा गावात तो टॉवरच नसेल, तर महागातला फोनही उपयोगाचा नाही.

आता पैशांचा हिशेब बघा. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे १२ हजारांचा फोन पाच क्विंटल धानाला पडतो आणि २० हजारांचा साडेआठ क्विंटलला. एवढं धान देऊन जी वस्तू घ्यायची, ती आपल्या गावात चालेल का, हे आधी बघितलेलं बरं.

लाँचची तारीख आणि हातात येणारा फोन

स्वस्त फोनची वाट बघण्याचे दोन अनुभव देशाने घेतले आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन फक्त २५१ रुपयांत मिळणार, अशी जाहिरात झाली. बुकिंग सुरू होताच गर्दीमुळे वेबसाइट बंद पडली. नाव नोंदवणाऱ्या बहुतेकांच्या हाती फोन आलाच नाही.

दुसरा अनुभव 'जिओफोन नेक्स्ट'चा. जून २०२१ मध्ये त्याची घोषणा झाली आणि १० सप्टेंबर म्हणजे गणेश चतुर्थीचा मुहूर्त ठरला. जगभर चिपचा तुटवडा असल्याने तो मुहूर्त हुकला आणि फोन दिवाळीत, नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. किंमत होती ६,४९९ रुपये. इतक्या कमी किमतीची चर्चा झाली होती की हा आकडा ऐकून अनेकांचा हिरमोड झाला. वर हा फोन ४जीचा होता आणि पुढच्याच वर्षी देशात ५जी सुरू झालं.

यातून घ्यायचं ते एवढंच की लाँचआधी सांगितली जाणारी किंमत हा अंदाज असतो. पक्की किंमत बाहेर येईपर्यंत कोणाला आगाऊ पैसे देऊ नयेत. नव्या फोनची किंमत बऱ्याचदा दोन-तीन महिन्यांत उतरते, त्यामुळे थांबणाऱ्याचं सहसा नुकसान होत नाही. आणखी एक गोष्ट : सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक वस्तूंचा जीएसटी कमी झाला, पण मोबाईलवरचा १८ टक्केच राहिला. त्यामुळे 'जीएसटी कमी झाला म्हणून मोबाईल स्वस्त' असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एमबीपीएस म्हणजे नेमकं किती?

इंटरनेटचा स्पीड एमबीपीएसमध्ये मोजतात आणि फाईलचा आकार एमबीमध्ये. ही दोन मापं वेगळी आहेत. ८ एमबीपीएस स्पीड असेल तर सेकंदाला १ एमबी डाउनलोड होतं. म्हणजे ४० एमबीचा व्हिडिओ उतरायला साधारण ४० सेकंद लागतात. सरकारी व्याख्येप्रमाणे किमान २ एमबीपीएस असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. २०२३ च्या आधी हीच मर्यादा फक्त ५१२ केबीपीएस होती.

रोजच्या कामाला किती स्पीड पुरतो, याचा ढोबळ अंदाज असा :

- यूपीआयने पैसे पाठवणे : अगदी थोडा डेटा लागतो. इथे स्पीडपेक्षा नेटवर्क न तुटणं महत्त्वाचं.
- यूट्यूबवर साधा व्हिडिओ (४८० पी) : सव्वा एमबीपीएसच्या आसपास.
- स्पष्ट व्हिडिओ (७२० पी) : सुमारे अडीच एमबीपीएस.
- मोठ्या टीव्हीवर फुल एचडी : सुमारे ५ एमबीपीएस.

हे झालं डाउनलोडचं. शेतकऱ्याला मात्र अपलोडही तेवढाच लागतो. ई-पीक पाहणीत बांधावरून पिकाचा फोटो पाठवायचा असतो, योजनांच्या केवायसीत कागदपत्रं चढवायची असतात. स्पीड तपासताना बहुतेक जण डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात आणि खालचा अपलोडचा आकडा बघतच नाहीत. काम अडतं ते तिथेच.

थोडक्यात, १० एमबीपीएसचा टिकाऊ ४जी मिळत असेल तर घरातली जवळपास सगळी कामं होतात. त्यासाठी ५जी लागतंच असं नाही.

जंगलाच्या गावात नेटवर्क का अडतं?

नवेगाव बांधला तलाव आहे, भोवती टेकड्या आहेत आणि नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. पर्यटकांना हे बघायला आवडतं, पण मोबाईलच्या लहरींना हेच आडवं येतं. त्याची मुख्य कारणं अशी :

*झाडी आणि टेकड्या.* लहरी सरळ रेषेत चांगल्या जातात. मधे टेकडी आली की पलीकडे सावली पडते. दाट पानं लहरी शोषतात आणि पावसात भिजलेली पानं जास्तच शोषतात. त्यामुळे उन्हाळ्यात जिथे बरी रेंज मिळते, तिथेच श्रावणात ती कमी होऊ शकते.

*टॉवरमधलं अंतर.* वनजमिनीवर टॉवर उभारायचा किंवा केबल न्यायची तर वन कायद्याखाली परवानगी लागते. व्याघ्र प्रकल्पात नियम आणखी कडक आहेत. शिवाय विरळ वस्तीत कंपन्या टॉवर कमीच लावतात.

*टॉवरच्या मागची लाइन.* फोनवर रेंजच्या चार दांड्या असूनही नेट चालत नाही, हे अनेकांनी बघितलं असेल. दांड्या फक्त फोन ते टॉवर एवढंच सांगतात. टॉवरला मागून फायबर केबल आहे की दुसऱ्या टॉवरवरून हवेतून जोडणी दिली आहे, यावर खरा स्पीड ठरतो.

*गर्दी.* टॉवरचा एकूण स्पीड सगळ्यांत वाटला जातो. म्हणून रात्री आठ ते दहा नेट मंदावतं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचं नाटक असतं, बाहेरगावचे पाहुणे येतात. त्या दिवशी एकाच टॉवरवर कितीतरी जास्त फोन असतात आणि साधा फोटोही जाता जात नाही. त्या वेळी दोष फोनचा नसतो.

*घराचं छप्पर.* टिनाचे पत्रे लहरी परतवतात. कवेलूच्या घरात किंवा अंगणात तोच फोन बरा चालतो.

५जी सगळं एकसारखं नसतं

देशात ५जीची सुरुवात १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाली. एअरटेलने पहिल्या टप्प्यात घेतलेल्या आठ शहरांत नागपूर होतं. व्हीआयने मार्च २०२५ मध्ये मुंबईपासून सुरुवात केली. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जीचं लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुडा इथून झालं.

प्रत्येक कंपनीच्या लहरी वेगळ्या आहेत. त्यांच्या पट्ट्याला 'बँड' म्हणतात. नियम सोपा आहे : आकडा जितका लहान, तितकी लहर लांब जाते आणि झाडी-भिंतीतूनही निघते. आकडा मोठा, तर स्पीड जास्त पण पल्ला कमी.

- ७०० मेगाहर्ट्झ (५जीत एन२८) : जिओ वापरते. लांबच्या वस्तीसाठी महत्त्वाचा.
- ३३०० मेगाहर्ट्झ (एन७८) : जिओ, एअरटेल आणि व्हीआयचा मुख्य ५जी बँड. टॉवरजवळ जोरदार, लांब गेलं की पटकन कमी.
- बीएसएनएल ४जी : ७०० (बँड २८) आणि २१०० (बँड १) मेगाहर्ट्झ.

म्हणून नुसतं '५जी फोन' असं लिहिलेलं पुरत नाही. गावाकडच्या माणसाने यादीत एन७८ सोबत एन२८ आहे का, हे बघावं. बीएसएनएलचं सिम असेल तर ४जीच्या यादीत बँड २८ शोधावा. अनेक जुन्या ४जी फोनमध्ये तो नाही. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर फोनच्या माहितीत 'नेटवर्क' किंवा 'बँड' या शीर्षकाखाली असते. दुकानदाराला तिथेच उघडून दाखवायला सांगावं.

पैसे देण्याआधी पाच तपासण्या

१. *नकाशा बघा.* ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार कोणत्या भागात २जी, ४जी, ५जी आहे याचा नकाशा कंपन्यांना आपल्या वेबसाइटवर द्यावा लागतो. आपलं गाव मोठं करून बघा. तिथे ५जी दिसत नसेल तर ५जी फोनची घाई नको.

२. *प्रत्यक्ष मोजा.* ट्रायचं 'मायस्पीड' हे मोफत ॲप आहे. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊला मोजा. घरात मोजा, अंगणात मोजा, शेतावर मोजा. नकाशापेक्षा हा आकडा खरा.

३. *शेजाऱ्यांचं सिम बघा.* ज्या कंपनीचं नेट आपल्या मोहल्ल्यात आणि शेतात चांगलं चालतं, तिच्या बँडचा फोन घ्या. अर्जुनी मोरगावला जे सिम धावतं, तेच केशोरी-गोठणगावकडे धावेल असं नाही.

४. *प्लॅन वाचा.* ५जी फोन असला तरी प्रत्येक रिचार्जवर अमर्याद ५जी मिळत नाही. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओ आणि एअरटेलने ते ठरावीक प्लॅनपुरतं ठेवलं. फोनची किंमत एकदाच द्यायची, रिचार्ज मात्र वर्षभर करायचा.

५. *आयएमईआय तपासा.* जुना फोन घेत असाल तर हे आवश्यक. *#०६# दाबल्यावर १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. 'संचार साथी' ॲपवरही तपासता येतं. फोन चोरीचा किंवा बंद केलेला असेल तर समजतं. पक्कं बिल घ्या आणि त्यावर हाच क्रमांक लिहिला आहे का बघा.

हप्त्यावर घेणाऱ्यांनी 'झिरो व्याज' या शब्दावर थांबू नये. प्रोसेसिंग फी, विमा आणि हप्ता चुकला तर दंड किती, हे विचारून सगळे हप्ते मिळून होणारी बेरीज कागदावर करावी.

जुन्या फोनला आधी एक संधी द्या

बरेचदा नवा फोन न घेताही काम होतं. सेटिंगमध्ये नेटवर्क २जी किंवा ३जीवर अडकलं आहे का बघा आणि ४जीसह 'ऑटो' ठेवा. 'व्होल्टी' सुरू करा. सिम अनेक वर्षं जुनं असेल तर कंपनीच्या केंद्रातून ४जी सिम बदलून घ्या. मेमरी भरली असेल तर व्हॉट्सॲपचे जुने व्हिडिओ काढा. नेट अडकलं की फ्लाइट मोड दहा सेकंद सुरू करून बंद करा, फोन टॉवर नव्याने शोधतो. यानंतरही मायस्पीडचा आकडा तसाच राहिला आणि त्याच जागी त्याच कंपनीचं सिम दुसऱ्याच्या फोनवर चांगलं चाललं, तर मात्र दोष आपल्या फोनचा समजावा.

सिमच बदलायचं असेल तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. 'पोर्ट' हा इंग्रजी शब्द, जागा सोडून आपला मोबाईल नंबर, आणि १९०० वर एसएमएस. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले असावेत.

नेट नसतानाही पैसे जातात

बँकेशी जोडलेल्या मोबाईल नंबरवरून *९९# लावल्यास इंटरनेटशिवाय यूपीआय चालतं. साधा बटणाचा फोनही पुरतो. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पाठवता येतात आणि शिल्लकही बघता येते. शेतावर किंवा जंगलाच्या रस्त्यावर नुसतं बोलण्यापुरती रेंज असेल तरी हे उपयोगी पडतं.

तक्रार कुठे करायची?

- नेटवर्कची तक्रार : आपल्या कंपनीचा १९८ क्रमांक. तक्रार क्रमांक लिहून ठेवा, पुढे अपील करताना तोच लागतो.
- फोन खराब निघाला, दुकानदार दाद देत नाही : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- ऑनलाइन फसवणूक, बनावट ऑफर : लगेच १९३०.

संपूर्ण जिल्ह्याचं नेटवर्क २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिलं तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वैधता वाढवून देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. एकाच गावचा टॉवर बंद पडला तर ती लागू होत नाही. अशा वेळी गावातल्या दहा-वीस ग्राहकांनी वेगवेगळ्या तक्रारी नोंदवाव्यात आणि ते सगळे तक्रार क्रमांक जोडून ग्रामपंचायतीने कंपनीला पत्र द्यावं. एका माणसाच्या फोनपेक्षा अशा पत्राला जास्त वजन येतं.